बुटाचा तुकडा

चपलाबुटांच्या दुकानात उभा जन्म घालवलेल्या माणसाच्या पायांनीच बुटांशी वैर धरावं, याची मामांना फार लाज वाटत होती. मामा म्हणजे दुकानातले जुने विक्रेते. गुडघ्यावर बसून गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवायचा आणि "जरा चालून बघा" म्हणायचं, की जोड खपलाच समजा. मालकांनी कौतुकाने त्यांना दुकानातलाच एक तपकिरी जोड वापरायला दिला, आणि आठवड्याभरात पावलांवर असे चट्टे उठले, की मामा आधी स्वतःचा पाय खाजवून घेत आणि मगच गिऱ्हाइकाचा हातात धरत.

"चामडं चिकटवायच्या गोंदाचं काम दिसतंय," त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तसं ठरलं तर दुकान सोडावं लागेल. गोंद तिथं प्रत्येक खोक्यात आहे."

दुकान सोडायचं म्हणजे दिवसभर मामींच्या नजरेसमोर बसायचं. खात्री करून घ्यायला बाईंनी उजव्या बुटाच्या आतल्या तळाचा नखाएवढा तुकडा कापून तो मामांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध चिकटवला आणि दोन दिवस अंघोळ बंद केली, याचा त्रास मामांपेक्षा मामींनाच जास्त झाला. भोक पडलेला तो जोड मामांनी दुकानाच्या मागच्या फळीवर टाकून दिला.

पट्टी निघाली तेव्हा पाठ साफ होती. चट्टा नाही, लाली नाही. नोकरी वाचली म्हणून मामांचा जीव भांड्यात पडला.

"पण इथला तीळ कुठे गेला?" मामींनी विचारलं.

"तीळ असा निघून येत नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या संध्याकाळपासून पाठ खाजायला लागली. मामींनी नखं लावली, कंगवा लावला, शेवटी फूटपट्टी आणली.

"इथे?"

"नाही. अजून आत."

"आत म्हणजे कुठे, ते तरी सांगा."

ते मामांनाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी सहज तो उजवा बूट फळीवरून काढला. भोक बुजलं होतं, आणि बुजल्या जागी मसुरीएवढा एक तीळ होता. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, बुटात बोट घातलं आणि हळूच खाजवलं. इतकं बरं वाटलं, की त्यांचे डोळे मिटले. मग ते दिवसातून कितीदा तरी मागे जाऊ लागले. म्हाताऱ्याने तंबाखू धरली, असं मालकांनी मनाशी ठरवून टाकलं.

एकदा मामा जेवून परतले, तर फळी रिकामी. पुढे बाकावर एक चांगलं जाडजूड गिऱ्हाईक तपकिरी बुटांची नाडी बांधत होतं.

"भोक तुम्हीच बुजवलंत ना?" मालक कानाशी येऊन म्हणाले. "झकास काम. पॉलिश मारलं, आता नवा म्हणून खपेल."

मामांनी तोंड उघडलं. पण सांगायचं काय, आणि सांगितल्यावर दुकानात ठेवणार कोण? त्यांनी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली. गिऱ्हाईक उठलं. सगळा भार डाव्या पायावर होता, उजवा अजून उचललेलाच होता.

"आतून उबदार आहे हो," ते म्हणालं.

"अस्सल कातडं आहे," मालक म्हणाले. "जरा चालून बघा."