किती फेऱ्या उरल्या

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पत्ते हातात घेतले ते सासऱ्यांच्या हट्टापायी. मला खेळाची आवड नाही, आणि पत्त्यांवरून जगण्याचे धडे देणाऱ्यांचा तर मला मनापासून राग येतो. पण सासऱ्यांचे हात थरथरायला लागले होते. पंचेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या त्या बोटांना आता दोन पानं धरवत नव्हती. धरली तरी अशी हलायची की इस्पिकचा राजा आहे की गुलाम, ते समोरच्याला खुशाल दिसायचं. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," असं स्वतःच म्हणून ते हसायचे.

त्यांच्या क्लबात वर्षातून एकदा पोकरची स्पर्धा असते. लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, पाच टेबलं, चाळीस माणसं, रविवारी सकाळी दहाला सुरुवात. बक्षीस म्हणजे एक पितळी कप, तोही पुढच्या वर्षी परत करायचा. तीस वर्षं सासरे तिथे खेळले आणि कप काही घरी आला नाही. यंदा त्यांनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं.

"मला नाही जमायचं, बाबा."

"तुला गप्प बसता येतं ना? मग निम्मं जमलंच."

घरात आम्ही दोघंच. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे माझ्या नणंदेला, तेव्हा पोचायला एक दिवस उशीर झाला होता, आणि सासरे भरल्या घरात तिला म्हणाले होते, "आता कशाला आलीस?" ती उंबऱ्यावरूनच परत गेली. तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही. तिनं आधी फोन करावा म्हणून हे बसलेले, यांनी बोलवावं म्हणून ती बसलेली. एका माळेचे मणी दोघंही.

मी एका तपासणी केंद्रात रिपोर्ट टाइप करते. डॉक्टर यंत्रात बोलून ठेवतात, मी कानाला लावून ते कागदावर उतरवते. वीस वर्षांत हजारो लोकांची फुप्फुसं आणि यकृतं माझ्या बोटांखालून गेली. चार महिन्यांपूर्वी एका दुपारी डॉक्टरांनी नाव उच्चारलं ते सासऱ्यांचं. मी टाइप करत राहिले. चूक एकही झाली नाही. नंतर डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि सांगितलं की या वयात ऑपरेशनचा उपयोग नाही, सहा महिने धरा.

घरी आले तेव्हा सासरे टेबलाशी बसून होते. "काय म्हणतोय रिपोर्ट?"

"काही नाही. थोडी सूज आहे. गोळ्या दिल्यात."

"बरं," ते म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या नावाचा तो उद्योग करून ठेवला.

शिकवणी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालायची. चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, म्हणून माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं. प्रत्येकाला दोन पानं, ती झाकून ठेवायची. मधे पाच पानं, ती सगळ्यांची. एवढं एका दिवसात कळलं. जोडी, तिय्या, रंग, कशावर काय चढतं, तेही आठवड्याभरात पाठ झालं. खरी अडचण पुढे होती. दर डावाला दोन जणांना पानं बघायच्या आधीच सक्तीनं काही चिप्स मधे टाकाव्या लागतात. त्याला ब्लाइंड म्हणतात. ही पाळी टेबलाभोवती फिरते, तुमच्यावरही येते. आणि स्पर्धेत दर वीस मिनिटांनी हा आकडा वाढतो.

"म्हणजे नुसतं बसण्याचंही भाडं?" मी विचारलं.

"नुसतं बसण्याचंच भाडं."

मी पडले सावध बाई. चांगली पानं आल्याशिवाय हात घालायचा नाही असा माझा खाक्या. एक्का-राजा येईपर्यंत मी पानं टाकून डाव सोडत राहायची आणि माझी बटणं हळूहळू पलीकडे जायची. सासऱ्यांनी माझं नाव 'कुलूप' ठेवलं. "बोला कुलूपबाई, किती आहेत?" ते विचारायचे. मी मोजून सांगायची, तीस. ते कपाळावर हात मारायचे.

"बटणं नको मोजूस गं. सगळे नवशिके हेच करतात. फेऱ्या मोज. टेबलाभोवती एक फेरी झाली की तुझी सहा जातात. मग तीस म्हणजे किती?"

"पाच फेऱ्या."

"आणि ब्लाइंड दुप्पट झाले की?"

"अडीच."

"मग कशाची वाट बघतेयस? फेऱ्या थोड्या उरल्या की मिळेल त्या पानांवर सगळं मधे लोटायचं. चांगली पानं येतील म्हणून बसायची चैन ज्याच्याकडे फेऱ्या आहेत त्यानं करावी."

मधूनच ते विचारायचे, "किती फेऱ्या उरल्या?" आणि प्रत्येक वेळी मी बटणांचं उत्तर द्यायची.

दुसरी गोष्ट थापेची. हातात काही नसताना मोठी बोली लावायची आणि चेहरा कोरा ठेवायचा. पोटात एक आणि ओठात एक ठेवण्यात मी आताशा पटाईत झाले आहे अशी माझी समजूत होती. पण सासरे दर वेळी मला पकडायचे. मी दहा बटणं पुढे सरकवली की ते पाच सेकंद बघायचे आणि म्हणायचे, "खोटं." पानं उलटली की खोटंच निघायचं.

"कसं कळतं तुम्हाला?"

"घड्याळ कानाला लावलं की कळायचं ना, तसं."

दुसऱ्या महिन्यात नणंदेचा फोन आला, तोही माझ्या कामाच्या ठिकाणी. इकडचं तिकडचं बोलून, ताकाला जाऊन भांडं लपवून, शेवटी तिनं विचारलं, "वहिनी, बाबा कसे आहेत? मी यावं का?" मी म्हटलं, "ठणठणीत आहेत. तुम्ही उगाच धावपळ करू नका, ताई." "मग पुढच्या वर्षी बघते," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. मी तसं का बोलले हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. ती आली असती तर पाचव्या मिनिटाला तिला सगळं कळलं असतं, ही भीती होती. पण खरं सांगायचं तर नऊ वर्षं मी एकटीनं त्यांचं केलं होतं, आणि शेवटच्या दिवसांत येऊन तिनं त्यांच्या उशाशी बसावं हे मला नको होतं. सासऱ्यांना मी त्या फोनबद्दल सांगितलं नाही.

स्पर्धेच्या रविवारी सासरे घरीच राहिले. लॉन्ड्रीचा जिना आता त्यांना चढवत नव्हता. सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसायला लागला होता. निघताना त्यांनी मला एक जाड वही दिली.

ती वही मला माहीत होती. दुकानात ते प्रत्येक घड्याळाची नोंद ठेवायचे: घड्याळ कुणाचं, दोष काय, दुरुस्ती काय. दुकान बंद झाल्यावर त्यांनी त्याच वहीत क्लबातल्या माणसांच्या नोंदी सुरू केल्या होत्या, त्याच तीन रकान्यांत. "दातांचा डॉक्टर. दोष: चांगली पानं आली की पाठ टेकून बसतो. दुरुस्ती: लगेच पानं टाकावीत." अशी तीस वर्षांत भेटलेली माणसं त्यात होती.

"तिथे मधल्या सुट्टीत वाच," ते म्हणाले. "नीट वाच. शेवटपर्यंत."

माझ्या टेबलावर तो दातांचा डॉक्टर होता, एक सुतार होता, आणि एक निवृत्त शिक्षिका होती, जी हरणाऱ्याला "पुढच्या वेळी अभ्यास करून या" म्हणायची. मी पानं टाकली. टाकतच राहिले. सुतार म्हणाला, "बाई, तुम्ही खेळायला आलाय की खुर्ची राखायला?" सगळे हसले. पण दोन तासांत चाळिसातली चोवीस माणसं उठून गेली, सुतारसुद्धा गेला, आणि मी होते तिथेच होते. एकदा राणीची जोडी आली, त्यावर थोडं कमावलं. सुट्टी झाली तेव्हा माझ्याकडे तीन हजारांच्या चिप्स होत्या आणि एका फेरीला सहाशे जात होते. पाच फेऱ्या. या वेळी मी बरोबर मोजलं.

खिडकीशी चहा घेऊन मी वही उघडली. आधी शिक्षिकेचं पान बघितलं. मग, शेवटपर्यंत वाच म्हणाले होते म्हणून, शेवटचं भरलेलं पान काढलं. अक्षर थरथरून ओळीखाली उतरलं होतं.

"सूनबाई. दोष: खोटं बोलताना समोर जे असेल त्याची चवड सरळ करते. चिप्स, बटणं, ताटल्या, काहीही. पहिल्यांदा लक्षात आलं: रिपोर्ट आला त्या दिवशी. टेबलावरचे पेपर सरळ केले. शिकवणीत चाळीस वेळा तपासलं. चुकत नाही. दुरुस्ती: आपण करू नये. तिची ती सांगेल."

चहा हातातच निवला. चार महिने मी समजत होते की मी त्यांना सांभाळतेय. शिकवणी त्यांनी कशासाठी काढली होती ते मला आता कळलं, आणि मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझी लाज वाटली.

घंटा झाली. मी खुर्चीपर्यंत गेले आणि पर्स उचलली.

"बाई, डाव सुरू होतोय," पानं वाटणारे गृहस्थ म्हणाले. "तुम्ही नसलात तरी तुमच्या चिप्समधून ब्लाइंड कापले जातील. थांबवता येत नाही."

"कापा," मी म्हटलं.

घरी सासरे टेबलाशी होते, समोर बटणांचा डबा. मला बघून त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "एवढ्यात? कितवी?"

"उठून आले."

"चिप्स टेबलावर ठेवून?" ते खरोखर चिडले. "अगं, खेळणारा माणूस असा उठतो का?"

मी त्यांच्यासमोर बसले. माझा हात आपोआप बटणांकडे गेला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि सांगितलं. रिपोर्टमध्ये काय होतं, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. टाइप करताना जसे शब्द आले होते तसेच आले.

त्यांनी विचारलं, "किती फेऱ्या उरल्या?"

"दोन महिने. फार तर."

"दोन." त्यांनी मान हलवली. "वाईट आहे हे कळलं होतं गं. पण हातांवरून नुसतं खोटं कळतं, आकडा कळत नाही. मी धरून चाललो होतो दोन वर्षं तरी आहेत. म्हटलं, तेवढ्यात येईल तिचा फोन."

कोणाचा ते त्यांनी सांगितलं नाही. मला इथे थांबता आलं असतं. त्यांना ते कधीच कळलं नसतं.

"ताईंचा फोन आला होता, बाबा. दोन महिन्यांपूर्वी. येऊ का म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही ठणठणीत आहात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रडायला लागले होते. त्यांनी मला गप्प केलं नाही.

"आणि तिला तुझे हात दिसले नाहीत," ते म्हणाले.

मग फोनकडे बोट करून म्हणाले, "लाव फोन."

मी नंबर लावला. त्यांना फोन धरवेना, म्हणून मी तो त्यांच्या कानाशी धरला. चार वेळा वाजला. पलीकडून नणंदेचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "हॅलो, वहिनी? बाबा बरे आहेत ना?"

"मी बोलतोय," सासरे म्हणाले. "मी बरा आहे. ठणठणीत. सहज केला फोन. सवड झाली की ये एकदा. घाई नाही."

बोलताना त्यांचा उजवा हात टेबलावर होता. ते बटणांची चवड रचत होते. तीन चढायची, चौथ्याला हात थरथरायचा आणि सगळी सांडायची. ते पुन्हा रचायला घ्यायचे.

मी फोन त्यांच्या कानापासून काढून घेतला.

"ताई, ते खोटं बोलतायत. आजच निघा."

ती अगदी हळू म्हणाली, "वहिनी, मी तुला विचारलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "विचारलं होतंत."