वजनाला बसलेली माणसं

लोक आपापल्या घरात राहतात. या कुटुंबाला मात्र अधूनमधून आपल्याच घरात वजन म्हणून बसावं लागे.

भाड्याच्या खोल्यांना विटून नवरा-बायकोनं एका जुन्या ट्रेलरवर हे एवढंसं घर स्वतः बांधलं होतं. नवरा वेल्डर, सांगाडा त्यानं केला. बायको शिवणकाम करायची, पण भिंतींच्या फळ्या तिनं ठोकल्या आणि पाण्याचे पाइपही तिनंच टाकले. सगळं झकास जमलं, फक्त एक घोळ झाला. ओटा, कपाटं, पाण्याची टाकी, सगळं जड सामान मागच्या बाजूला गेलं आणि पुढे उरला नुसता पलंग. मधे चाकं. म्हणजे मागचे टेकू काढले की घर मागे बसायला टपलेलंच. शहाण्या माणसानं टाकी पुढे आणली असती. पण स्वतः घर बांधणाऱ्यांना एक मस्ती असते! वेल्डरनं आपला उपाय काढला होता: तो खाली शिरला की बाकीच्यांनी पलंगावर जाऊन बसायचं.

आजही तिघी बसल्या होत्या. बायको, सासूबाई आणि पहिलीतली लेक, चिमणी. खाली वेल्डर उताणा पडून गंजलेला टेकू ग्राइंडरनं कापत होता.

"माझा उपयोग आता वजनापुरताच उरलाय," सासूबाई कुरकुरल्या.

"आई, तुमच्याच जिवावर तर घर उभं आहे," सून म्हणाली, आणि हसता हसता तिनं एकदम मागे वळून पाहिलं.

मागून पाण्याचा आवाज येत होता. टाकीचा नळ! तिनंच मघाशी सोडला होता आणि साफ विसरली होती. टाकी भरत चालली होती आणि तिच्याखाली नवऱ्याची छाती होती.

"अहो! बाहेर या! अहो!"

कानाशी किंचाळणाऱ्या ग्राइंडरपुढे त्याला काय ऐकू जाणार? पाय आपटावा, तर त्या हादऱ्यानंच घर बसायचं. उठून नळ बंद करायला जावं, तर पुढचं वजन कमी आणि मागचं जास्त.

"मी जाते," चिमणी म्हणाली.

"बस खाली!" दोघी एकदम ओरडल्या.

पोर दचकली. तिच्या हातातली गोटी निसटून खाली पडली, जरा थबकली आणि सावकाश ओट्याकडे निघाली. तिघी तिच्याकडे बघत राहिल्या. घर मागे झुकू लागलं होतं.

पाणी येतं कुठून? बाहेरच्या मोटरवरून, याच पलंगामागच्या भिंतीतून. पाइपचा जोड नेमका कुठे आहे हे सून डोळे मिटून सांगू शकली असती. पण वर फळी होती, आणि खिळे ठोकताना तिनं हात अजिबात आखडता घेतला नव्हता.

उशाशी शिवणाची मोठी कात्री होती. ती फटीत घालून तिनं जोर लावला. एक पातं कटकन मोडलं. तिनं दुसरं घातलं. "निघ ना मेल्या!" ती खिळ्यावर खेकसली. सासूबाईंनी फळीची कड दोन्ही हातांनी धरली आणि खिळ्याला अशी शिवी हासडली की चिमणीनं कान झाकले. घर कर्र करून वाजलं. फळी उचकटली. सुनेनं जोड पिळून खेचला.

पाणी सपकन तोंडावर आलं. तिनं पाइप खिडकीबाहेर, भाजीच्या वाफ्यावर धरला. मागचा आवाज थांबला, पण खाली ग्राइंडर चालूच होता. तिघी चिंब भिजलेल्या, तरी कोणी तोंड पुसायलासुद्धा हललं नाही. मग ग्राइंडर थांबला. नव्या टेकूवर हातोड्याचे ठोके सुरू झाले. ते काही केल्या संपेचनात.

"झालं!" शेवटी वेल्डर दारात उभा राहिला, काळाकुट्ट आणि भलताच खुशीत. "आता मागे हत्ती नाचवा! आणि हे काय गं, खिडकीतून भाजीला पाणी घालतेस?"

सासूबाई उठल्या आणि त्या घोड्याएवढ्या लेकाच्या पाठीत त्यांनी सणसणीत धपाटा घातला.

"आई गं! काय केलं मी?"

बायकोनं हनुवटीनंच टाकीकडे दाखवलं.

"बाबा," चिमणीच म्हणाली, "तू मरणार होतास. आईनं मरू दिलं नाही."

वेल्डरनं उचकटलेल्या भिंतीकडे पाहिलं, मग टाकीकडे, मग बायकोच्या हाताकडे. बोटांतून रक्त येत होतं आणि तरीही तिनं पाइप घट्ट धरून ठेवला होता. तो ओल्या पलंगावर तिच्या शेजारी बसला आणि तिचं एकेक बोट हळूहळू सोडवू लागला.