मनकर्णाचं नाक

गिरिधरने व्हॅसलीन लावलेली कापडी पट्टी चिमट्याने त्या पोकळीत सारली आणि श्वास रोखून धरला. नाकाच्या जागी नुसतं एक तांबडं, ओलसर बीळ होतं. मधोमध पातळ पडदा, त्याच्या दोन्ही अंगांना वाळलेल्या शेंबडाच्या हिरवट खपल्या. बाई श्वास घेई तेव्हा आतलं मांस थरथरे. पट्टी नीट बसली की नाही हे पाहायला वाकावंच लागलं, आणि वाकताच तो वास आला. उन्हाळ्यात झाकून राहिलेल्या वरणासारखा, आंबूस आणि जरा गोडसर.

"तोंडानं श्वास घ्या," तो म्हणाला. ते त्याने बहुधा स्वतःलाच सांगितलं.

मग त्याने भांड्यात कालवलेलं प्लास्टर तिच्या कपाळावर, गालांवर आणि शेवटी त्या बिळावर पसरलं. प्लास्टर आळेपर्यंत तो खिडकीपाशी जाऊन बाहेरच्या कडुनिंबाकडे बघत उभा राहिला. साचा सुटून हातात आला, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला एक खपली केसासकट चिकटून आली होती. गिरिधरने साचा टेबलावर ठेवला, बाहेरच्या मोरीपर्यंत कसाबसा गेला आणि भडाभडा ओकला.

डॉक्टर हरकरे मागून येऊन उभे राहिले. त्यांनी पाण्याचा लोटा पुढे केला.

"पहिल्या वेळी मीही ओकलो होतो."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी उपाशीपोटी आलो होतो."

गिरिधरला हसू आलं नाही.

चौऱ्याहत्तरचा एप्रिल होता तो. चित्रशाळेतून मूर्तिकलेची पदविका घेऊन गिरिधरला दीड वर्ष झालं होतं, आणि ते दीड वर्ष त्याने महाल भागातल्या भैयाजींच्या कारखान्यात पुतळे करण्यात घालवलं होतं. मेलेल्या अध्यक्षांचे, संस्थापकांचे, दानशूरांचे अर्धपुतळे. शेवटचा पुतळा एका शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांचा होता. त्यांच्या मानेवर लिंबाएवढं आवाळू होतं. गिरिधरने ते मोठ्या मायेने घडवलं, कारण त्या चेहऱ्यात खरं असं तेवढंच होतं. मुलगा आला आणि म्हणाला, हे काढा. गिरिधरने काढलं. मग म्हणाला, डोक्यावर थोडे केस वाढवा. वाढवले. हनुवटी जरा करारी करा. केली. समारंभाच्या दिवशी त्या अनोळखी माणसाच्या गळ्यात हार पडत असताना गिरिधरला स्वतःच्या बोटांची शिसारी आली होती. त्याच आठवड्यात डॉक्टर हरकरे कारखान्यात आले. त्यांच्या दातांच्या दवाखान्यातले तंत्रज्ञ दात उत्तम करत, पण त्यांच्या हातची नाकं बटाट्यासारखी होत. मेण हाताळणारा कोणीतरी त्यांना हवा होता.

"कला आहे आणि माणसाच्या उपयोगाचीही आहे," डॉक्टर म्हणाले होते. "महिनाभर करून बघ. जमलं तर रिकाम्या जागेसाठी तुझं नाव पाठवतो."

गिरिधरला ते वाक्य इतकं आवडलं होतं की घरी वडिलांना त्याने ते दोनदा ऐकवलं. खपल्यांचा वास त्या वाक्यात नव्हता. तोंड पुसताना त्याने ठरवलं, हे एवढं एक नाक करायचं आणि मग भैयाजींकडे परत जायचं.

बाईचं नाव मनकर्णा होतं. कुहीकडच्या एका खेड्यातली, वय सव्वीस-सत्तावीस. गोठ्यात पाय घसरून विळ्यावर पडली, असं तिच्या कागदावर लिहिलेलं होतं. कपाळाची कातडी वळवून नाक करता येतं, हे डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं. पण तिने पुन्हा चाकू नको म्हणून हात जोडले, म्हणून मग हे नाक, चष्म्याच्या दांडीला पक्कं बसवायचं, चष्म्यासकट काढता-घालता येईल असं.

सोबत तिचा नवरा होता, रुपराव. ती आत असताना तो व्हरांड्यात बाकावर हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसे. ती बाहेर आली की तिच्या केसांत अडकलेले प्लास्टरचे कण एकेक करून टिपून काढी. तो हळू बोलत असे. पहिल्याच दिवशी त्याने धोतराच्या कनवटीतून घडी घातलेला लग्नातला फोटो काढून गिरिधरच्या हातात दिला होता.

"असंच पायजे जी साहेब. जसंच्या तसं. नथीचं भोकही ठेवसान."

फोटोतली मुलगी लाजून खाली बघत होती. नाक सरळ, धारदार, टोकाशी किंचित वर उचललेलं. असं नाक घडवायला मिळणं हे भैयाजींकडच्या दहा संस्थापकांपेक्षा मोठं होतं. गिरिधरने आठ दिवस त्यावर काम केलं. ऊन असं की मेण टेबलावर ठेवलं तर मऊ पडे. माठातलं पाणी वाडग्यात घेऊन तो दर दहा मिनिटांनी नाक त्यात बुडवी. सरत्या हंगामातलं एक संत्रं आणून त्याची साल त्याने मेणावर हलकेच दाबली, तर कातडीची छिद्रं हुबेहूब उमटली. मेणाला वास नव्हता. ते स्वच्छ होतं. ते तिच्या चेहऱ्यावर लावून पाहायची वेळ आली, तेव्हा मात्र त्याने पुन्हा श्वास रोखला.

रुपरावला आत बोलावून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"सेम टू सेम," तो म्हणाला. "साहेब, तुमचे लय उपकार झाले."

डॉक्टरांनी त्याला चष्म्याच्या फ्रेमची चिठ्ठी देऊन सीताबर्डीच्या बाजारात पाठवलं. मनकर्णा व्हरांड्यात जाऊन बसली. गिरिधर मेणाचं नाक वाडग्यात सोडत म्हणाला,

"असा नवरा मिळायला नशीब लागतं, नाही?"

डॉक्टरांनी कपाटातून साच्यावरून ओतलेला मनकर्णाच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा ठसा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"मूर्तिकार आहेस ना तू? ही जखमेची कड बघ. हात लावून बघ."

गिरिधरने बोट फिरवलं. आठ दिवस तो ठसा त्याच्यासमोर होता, पण त्याने त्याच्याकडे नाक बसवण्याची जागा म्हणूनच पाहिलं होतं. कड वरून खालपर्यंत सरळ होती. कुठे खाच नाही, कुठे फाटलेलं नाही. माती तारेने कापावी तशी. आणि डाव्या गालावर एक बारीक वण, हत्याराची जागा आधी एकदा चुकल्याचा.

"पडलं तर फाटतं," डॉक्टर म्हणाले.

गिरिधरने बोट मागे घेतलं.

"हिचं डोकं धरलं असेल कोणीतरी."

"असेल."

"आणि पोलिस?"

"ती सांगते, पडले. नऊ महिने तेच सांगते आहे."

वाडग्यात ते सुंदर नाक पाण्यावर डोलत होतं. गिरिधरला आता त्याची किळस आली. त्या बिळाचीही एवढी आली नव्हती. आठ दिवस तो रुपरावच्या मनातलं नाक घडवत होता. टोक किती उचलायचं हे त्याने त्याला विचारलं होतं, त्याच्याकडून मान डोलवून घेतली होती आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहून सुखावलाही होता. नाक बाहेर काढून त्याने अंगठ्याने चेपलं.

"मी नाही करत. हे तिच्यासाठी नाहीच. गावात चार माणसांत मिरवायला पाहिजे त्याला. म्हणायचं, बघा, कापलं मीच आणि भरूनही दिलं मीच. भैयाजींकडे तरी मेलेल्यांचेच चेहरे खोटे करायचे होते."

"तिच्यासाठी आहे की नाही, ते तिला विचारलंस का?"

गिरिधरने विचारलं नव्हतं. तीन वेळा ती त्या खुर्चीत बसली होती, आणि हलू नका, तोंडानं श्वास घ्या, यापलीकडे त्याने तिला काहीही विचारलं नव्हतं.

तो बाहेर गेला आणि तिला आत घेऊन आला. ती खुर्चीत बसली. पदर तोंडावर धरलेला होता.

"नाक कसं पाहिजे तुम्हाला?"

तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"त्याईनं फोटो देला नं," ती म्हणाली. तिचा आवाज फुटक्या बासरीसारखा होता, अर्धा वाऱ्यातच जाणारा.

"ते त्यांनी सांगितलेलं. तुम्ही सांगा."

मग टेबलावरच्या चेपलेल्या मेणाकडे तिची नजर गेली. ते कशाचं आहे हे तिने ओळखलं असावं. तिने पदर खाली सोडला.

"फोटोतलं नको, भाऊ. त्याच नाकापायी झालं समदं. कोनं पायलं, काहून पायलं." ती थांबली. "जरासं बसकं करा. चारचौघीइले रायते तसं. बजारात गेली तं कोनं मांगं वळून पाहू नये."

"आणि नथीचं भोक?"

"नाई."

त्याने नवं मेण घेतलं, कोमट पाण्यात मऊ केलं आणि तिच्यासमोरच वळायला बसला. थोडं झालं की तिच्या हातात आरसा देई. ती मान हलवे, तो पुन्हा दाबे. शेवटी ती म्हणाली, मी करू का, आणि स्वतःच्या अंगठ्याने तिने ते टोक खाली बसवलं. तिचं नख मेणात उमटलं. ते त्याने बुजवलं. पुढे वाकून तो कड जुळवत राहिला. वास तोच होता. पण तोंड फिरवलं असतं तर बसलेली कड हलली असती, म्हणून त्याने ते फिरवलं नाही.

दोन आठवड्यांनी मेणावरून प्लास्टिकचं पक्कं नाक तयार झालं. उन्हात रापलेल्या तिच्या गालाचा रंग त्याने खिडकीशी बसून चार वेळा जुळवून घेतला होता. काळ्या जाड फ्रेमचा, बिननंबरी काचांचा चष्मा त्याने तिच्या कानांवर चढवला. खुर्चीत शाळामास्तरीण वाटावी अशी एक साधी बाई बसली होती. कसं घालायचं, कसं धुवायचं, झोपताना कसं काढून ठेवायचं, हे त्याने तिला दोनदा करून दाखवलं. तिने तिसऱ्यांदा स्वतः केलं.

रुपराव आत आला आणि दाराशीच थबकला.

"हे तं फोटोतलं नोय जी."

"नाही," गिरिधर म्हणाला.

"अन् नथीचं भोक?"

"ठेवलं नाही."

रुपरावने एकदा बायकोकडे, एकदा डॉक्टरांकडे पाहिलं. मग नेहमीसारखा हळूच हसला.

"चालते जी. दुरून कोनाले समजते." आणि गिरिधर मागे सरायच्या आत त्याने वाकून त्याच्या पायांना हात लावले.

हात गरम होते आणि कोरडे. नखं नीट कापलेली, स्वच्छ. गिरिधरच्या पोटऱ्यांपर्यंत काटा उठला. ती दोघं बाहेर गेल्यावर तो मोरीवर गेला, चपला काढल्या आणि साबणाने घोट्यांपर्यंत पाय धुतले. मग आणखी एकदा धुतले.

"नाव पाठवू का तुझं?" डॉक्टरांनी आतून विचारलं. "महिना संपतोय."

"सांगतो संध्याकाळी."

पाय पुसत तो व्हरांड्यात आला तेव्हा ती दोघं बाकावर शिदोरी सोडत होती. कुहीच्या गाडीला अजून तास होता. पोळ्या, तेलातली मिरचीची चटणी, कांदा. मनकर्णाने चष्म्याला हात घातला आणि नाकासकट तो उतरवला. स्वच्छ फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवला. पदर ओढला नाही. मग नवऱ्याच्या समोर तोंड करून ती जेवायला लागली. रुपराव जरा डावीकडे वळला. तीही तेवढीच सरकली. त्याने उचललेला घास हातातच राहिला. ती नीट चावून चावून खात होती.

रुपराव उठून गिरिधरपाशी आला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला,

"साहेब, तुमी सांगा नं तिले. जेवताना तरी घालून ठेव म्हना. हे असं समोर घेऊन बसते, मले घास नाई जात जी."

गिरिधरने त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मनकर्णा त्याच्याकडेच बघत होती. तिने जेवण थांबवलं नव्हतं.

"मीच सांगितलंय त्यांना," तो म्हणाला. "घरात काढूनच ठेवायचं. आतल्या कातडीला हवा लागावी लागते, नाहीतर ती सडते. बाहेर जाताना तेवढं घालायचं."

"घरात किती येळ जी?"

"तुम्ही घरी असाल तेवढा वेळ."

रुपरावने एकदा बायकोच्या मांडीवरच्या फडक्याकडे पाहिलं. मग "बरं जी" म्हणून बाकाकडे वळला. तो बसल्यावर मनकर्णाने चटणीचं पान त्याच्याकडे सरकवलं.

आत पुढचा माणूस येऊन खुर्चीत बसला होता, भिवापूरकडचा कोणी म्हातारा, अर्ध्या तोंडावर दुपट्टा दाबून धरलेला. गिरिधरने चिमटा उकळत्या पाण्यात टाकला, हात धुतले आणि त्याला दुपट्टा काढायला सांगितलं.