काळतोंडीच्या पाठीतला जाळीदार ठोकळा

मित्रांनो, मी टायटॅनियमचा एक छोटा ठोकळा आहे. जुना म्हणवून घेण्याइतकं माझं वय नाही, पण एका मेंढीच्या पाठीत, दोन मणक्यांच्या मधे बसून मी बरंच सोसलं आहे.

सोलापुरातल्या एका प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. धातूची पूड थरावर थर वितळवत थ्रीडी छपाईच्या यंत्राने मला घडवलं. अंगभर अनारशासारखी जाळी! शेजारचे भरीव ठोकळे मला हसायचे आणि मी मनातल्या मनात खट्टू व्हायचो. एकदा तिथल्या संशोधक डॉक्टर अंकिता म्हणाल्या, "ही भोकंच कामाची. यांतून हाड आत वाढेल आणि दोन मणके एकजीव होतील." तेव्हापासून मान नसूनही माझी मान ताठ झाली.

माणसांच्या पाठीत जाण्याआधी माझी परीक्षा मेंढीत व्हायची होती. कुंभारी गावच्या मेंढपाळ म्हाळसाबाईंनी त्यांची काळतोंडी मेंढी दिली, पण एका अटीवर. "काय तपासायचं ते तपासा. पर माजी मेंढी जित्ती परत पायजे." डॉक्टरांनी शब्द दिला. ऑपरेशन नीट झालं. परक्या हातचा चारा काळतोंडीला चालेना, म्हणून म्हाळसाबाईंचे पती बिरप्पा प्रयोगशाळेतच तिच्या सोबतीला राहिले. हाड हळूहळू माझ्या भोकांत शिरू लागलं.

मग लोकर कातरायचा हंगाम आला. बिरप्पांना काळतोंडीची वाढलेली लोकर बघवेना. नेहमीच्या सवयीने त्यांनी तिचे चारी पाय एकत्र बांधले, तिला आडवी पाडली आणि कातर चालवली. तिच्या पाठीला पीळ बसला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी सरकलो असतो, तर तिचे मागचे पाय कायमचे गेले असते. पाय सोडले, तरी काळतोंडी उठेना.

निरोप मिळताच म्हाळसाबाई आल्या. मेंढीच्या अंगावरून हात फिरवत त्या बिरप्पांना म्हणाल्या, "हिच्या पाटीत लोखंड हाय, ठावं न्हवतं व्हय?"

"ठावं हुतं की," बिरप्पा खाली बघत म्हणाले, "पर हात कुटं थांबतोय."

डॉक्टरांनी स्कॅन केला. म्हाळसाबाई पडद्याकडे न बघता डॉक्टरांच्या चेहऱ्याकडेच बघत होत्या.

"ठोकळा जागचा हललेला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हाड भोकांतून आरपार गेलंय. पाय आखडलेत, उठेल ती."

संध्याकाळी काळतोंडी धडपडत उठली आणि म्हाळसाबाईंचा पदर चघळू लागली. म्हाळसाबाईंनी तो सोडवून घेतला नाही. मला तर फार आनंद झाला.

माझ्या भावंडांच्या चाचण्या अजून चालू आहेत. त्या जमल्या, तर पुढे माणसांची पाळी येईल. मित्रांनो, तुमच्या घरी कोणाच्या पाठीचं ऑपरेशन झालं, तर त्यांना उठण्या-वाकण्याची घाई करायला लावू नका. हाड मुकाट्याने वाढत असतं, त्याला वेळ द्या.

मी आता कळपाबरोबर माळावर असतो. मला कोणी पाहत नाही, याचं कधी कधी वाईट वाटतं. पण काळतोंडी खाली बसली, की तिचं नवं कोकरू तिच्या पाठीवर चढून उड्या मारतं. मी आणि हाड मिळून त्याचा भार पेलतो. त्यातलं हाड कोणतं आणि मी कोणता, हे आता मलाच सांगता येत नाही.