शंभर टक्के हिरवं

लष्करातल्या आमच्या कंपनीत सायबर सुरक्षेचं वार्षिक प्रशिक्षण कसं होतं, ते सांगते. बंदुकीच्या गोळ्यांची एक रिकामी पेटी बराकीत फिरते. प्रत्येक जण आपलं ओळखपत्राचं कार्ड तिच्यात टाकतो. कार्डावर चिकटपट्टी, पट्टीवर पिन. मग ज्याची बोटं भराभर चालतात असा एक शिपाई ऑफिसात बसून सगळ्यांच्या नावाने लॉगिन करतो आणि सगळ्यांची परीक्षा एकटा देतो. यंदा तो किंबल होता. मी आत गेले तेव्हा पडद्यावर प्रश्न होता: सहकाऱ्याने तुमचं कार्ड आणि पिन मागितला तर काय कराल? किंबलने एका हाताने बरिटो खात 'कधीही देणार नाही' यावर टिचकी मारली, कार्ड उपसलं आणि पेटीतलं पुढचं खुपसलं.

"सकाळपासून एकही उत्तर चुकलेलं नाही, सार्जंट," तो म्हणाला.

मला हसू आलं. मग दिसलं की चिकटपट्ट्या पुन्हा पुन्हा वाचायचा कंटाळा आला म्हणून त्याने सगळे पिन आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतलेत. हसू तिथेच मेलं.

फोर्ट कॅल्डरच्या तळावर आमच्या कंपनीचे रेडिओ आणि कॉम्प्युटर माझ्याकडे असतात. त्या एका कार्डावर सगळं उघडतं. कुठला ट्रक कुठे जाणार, डिझेल कुठे उतरणार, कुणाच्या बायकोचा पत्ता काय. पुढच्या महिन्यात आम्ही पोलंडला निघणार होतो. असं एक कार्ड हाती लागावं म्हणून तिकडे शत्रूची माणसं पगार घेऊन वर्षानुवर्षं खपतात. आणि आम्ही अख्ख्या कंपनीच्या किल्ल्या एका डब्यात भरून वर झाकणही लावलं नव्हतं.

नियम सरळ आहे. पिन दुसऱ्याला कळला की कार्ड मेलं. ते रद्द करायचं, आणि ते काम माझं. पण कार्डं रद्द केली की त्यांवर दिलेल्या परीक्षाही बाद होणार आणि शुक्रवारच्या बैठकीतल्या तक्त्यावर आमच्या कंपनीचा चौकोन हिरव्याचा लाल होणार, हे मलाही ठाऊक होतं. म्हणून आधी टॉपकडे गेले. टॉप म्हणजे फर्स्ट सार्जंट हचिन्स. स्टाफ सार्जंटच्या बढतीसाठी माझी शिफारस त्याच्याच सहीने जायची होती, त्याच आठवड्यात. सात वर्षं मी त्या बढतीची वाट बघत होते.

त्याने दार लावायला सांगितलं. मग समजावलं की बाकीच्या कंपन्या काय आकाशातून शंभर टक्के आणतात का, तो शिपाई होता तेव्हापासून हे असंच चालत आलंय आणि यात आजवर कुणी मेलेलं नाही.

"टॉप, किंबलच्या मोबाइलमध्ये तुमचाही पिन आहे," मी म्हटलं. "त्याच मोबाइलवर तो रोज पाच-सहा पोरींशी बोलतो. त्यातली एक तरी खरंच पोरगी आहे का, हे त्यालाही माहीत नाही."

"पुसून टाकायला सांगतो त्याला."

"आणि जे गेलं असेल ते?"

त्याने टेबलावरचं पेन उचललं, खाली ठेवलं. "झमारिपा, तुझा कागद माझ्यासमोर आहे. सही करायचा माझा मूड आहे. तो घालवू नकोस."

माझ्या कामाची किंमत या माणसाच्या मूडवर! डोकं तापलं.

"मूड सांभाळा, टॉप. मी कार्डं मारायला चालले."

आणि मारली. पहिलं त्याचंच.

दुपारपर्यंत अर्ध्या कंपनीचे पडदे बंद. नव्या कार्डांसाठी रांग लागली ती पार्किंगपर्यंत, आणि कॅन्ससचा वारा तोंडात धूळ भरत होता. मी रांगेजवळून गेले की शिव्या थांबायच्या, पुढे गेले की सुरू व्हायच्या. मेकॅनिकांपैकी एकाने मात्र मला ऐकू जाईल असं म्हटलं, की पोलंडला पोचायच्या आधीच शत्रूने कंपनी आडवी केली आणि शत्रूचं नाव झमारिपा. बरा विनोद होता. पण स्वतःचा पिन चिकटपट्टीवर लिहून देणाऱ्याने तो करायला नको होता.

संध्याकाळी कंपनीप्रमुख कॅप्टन ऑस्ट्रँडरने बोलावलं. आवाज न चढवता त्याने सुचवलं, अहवालात 'तांत्रिक बिघाड' लिही. लालचा पिवळा होईल, टॉपचं नाव वाचेल, तुझी सहीसुद्धा होईल. मी त्याच्यासमोरच लिहिलं: यंत्रात बिघाड नाही. पिन आम्ही आमच्या हाताने वाटले, कारण वरून शंभर टक्के मागितले होते.

"हे मला वर न्यावं लागेल," तो म्हणाला.

"न्या, साहेब. वाचूनही दाखवा."

सही झाली नाही. माझ्या नावाशिवाय बढतीची यादी गेली. ज्यांची नावं गेली त्यांच्या कंपन्या आजही हिरव्यागार आहेत.

टॉप रांगेत आला तो सगळ्यांच्या शेवटी. कार्डांच्या खोलीत देखरेखीला मीच उभी होते. यंत्राने नवीन पिन मागितला. त्याने बटणांवर डावा पंजा आडवा धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"तोंड तिकडे कर."

मी भिंतीकडे वळले. मागे बटणं वाजली आणि यंत्र चिडून किंचाळलं. त्याने पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

"जुना घेत नाही ते, टॉप," मी भिंतीकडे बघतच म्हणाले. "जुना किंबलला माहीत आहे."