इंग्रजीत झालेली वाटणी

हे कुणाला खरं वाटणार नाही. माझ्या बायकोलाही वाटत नाही, आणि ती तर त्या दिवशी चुलीपाशीच होती. पण अख्खी वाटणी इंग्रजीतून झालेलं देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात एकच घर आहे, आणि ते माझं.

परवा मिरजगावहून भाची आली, स्नेहल. माझ्या बहिणीची, साळूबाईची, लेक. पाण्याचा तांब्याही हातात न घेता म्हणाली, आईचा वाटा मागायला आलेय. साळू आता भाड्याच्या खोलीत अंथरुणाला खिळलीय, आणि माहेरच्या जमिनीत आपलं काय आहे ते तिला डोळे मिटायच्या आत बघायचंय म्हणे. ओट्यावर गावातला अजिनाथ आणि त्याची मंडळी नेहमीसारखी माझ्या गोष्टी ऐकायला येऊन बसलेली. अशा वेळी हो म्हटलं तर जमीन जाते, नाही म्हटलं तर अब्रू. मी म्हटलं, बस बाई, चहा येतोय. तोवर वाटणी कशी झाली ते ऐक, मग काय मागायचं ते तूच ठरव.

तर आमचे वडील गेले आणि मी अन् धाकटा अमृत मराठीत भांडायला लागलो. मराठीत भांडणं लई सोपं. एक ‘वाटा’ म्हटलं की पुढचा शब्द काठीच. विहिरीकडची पट्टी तो म्हणायचा माझी, मी म्हणायचो तुझी कशी. पंच आले, मटण खाऊन गेले. पुन्हा आले, पुन्हा खाऊन गेले. शेवटी अमृतच म्हणाला, दादा, ज्याच्यापुढं आपला दोघांचा आवाज चढणार नाही असा माणूस आणू. म्हणून शामकांत सरांना आणलं. हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. निम्मं गाव त्यांनी नापास केलेलं, त्यामुळं सगळं गाव त्यांना भ्यायचं.

सर म्हणाले, तुमच्या भांडणाचं मूळ असं, की तुमच्याकडं शब्द एक आणि वस्तू ढीगभर. इंग्रजीत तसं नाही. तुटून हातात येतो तो पीस. कापून पातळ निघते ती स्लाइस. घराचा पोर्शन. यंत्राचा पार्ट. आणि जे तुटत नाही, सगळ्यांचं मिळून असतं, त्यातलं आपलं तो शेअर. अमृत तोंड उघडं टाकून ऐकत होता. मी एवढंच विचारलं, सर, ज्यांच्याकडं फोडायला इतके शब्द, त्यांनी घरं किती फोडली असतील? सर म्हणाले, घरं नाही, मुलूख फोडले.

पण गुण आला. अमृतनं पीस मागितला की मी पोर्शन म्हणायचो, आणि त्याचा अर्थ लावण्यात दिवस मावळायचा. मारामारीला वेळच उरेना. फक्त विहिरीवर गाडी अडली. सर म्हणाले, विहीर हा शेअर आहे, ती तोडता येत नाही. अमृतला ते पटेना. त्यानं घोडेगावच्या बाजारात बैलजोडी विकली, गवंडी आणले आणि विहिरीत तळापासून मधोमध भिंत चढवली. आजही पाण्याखाली ती भिंत आहे. माझ्या बाजूला पाणी गोड, त्याच्या बाजूला मचूळ. बेडूक भिंतीवर येऊन बसतो आणि कुणीकडं उडी मारावी म्हणून संध्याकाळपर्यंत विचार करतो. अजिनाथ त्या विहिरीत रोज पोहतो. तो नुसता हसला. त्याला भिंत आवडली होती.

स्नेहल हसली नाही. तिचा चहा तसाच राहिला होता, त्यावर साय धरली होती.

मग जमिनीवर आलो. अमृत म्हणाला, त्यात काय, हाफ-हाफ. सरांनी चष्मा काढून पुसला.

“तुम्ही भावंडं किती?”

“दोघं,” अमृत म्हणाला.

साळू दारात मेथी निवडत बसली होती. वाटणी आहे म्हणून पोरीला घेऊन मुद्दाम आली होती. सरांनी तिच्याकडं पाहिलं.

“मग ही कोण?”

सर म्हणाले, कायद्यानं तिघांना सारखं. हाफ नाही, वन-थर्ड.

आता हाफ आम्हाला ठाऊक होता, एसटीच्या तिकिटात भेटला होता. क्वार्टर धाब्यावर भेटली होती. पण हे वन-थर्ड जन्मात कुठं भेटलं नव्हतं. आमच्याकडं ते यायचं तरी कशाला? इथं बहिणीला साडीचोळी असते. दिवाळीला ओवाळणी असते. हक्कसोडीचा अंगठा द्यायला नेताना जीपमधली पुढची सीट असते, मागं भाऊ दाटीवाटीनं बसतात. यातल्या एकालाही सरांकडं इंग्रजी शब्द निघाला नाही. मी विचारून पाहिलं होतं.

पण म्हणून मी मागं सरलो का? आमच्या घराण्याची रीत आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. पाडणाऱ्याच्या पदरी उरलेलं पडतं, म्हणून तो डोळ्यांत तेल घालून पाडतो. एकेका वाट्याची मूठभर माती पळसाच्या पानावर ठेवायची. ज्यानं जे पान उचललं ती जमीन त्याची, त्यावर पुन्हा बोलायचं नाही. मी वाटे पाडले. तीन पाडले, आणि सारखे पाडले. एका पानावर विहिरीकडची काळी, एकावर ओढ्याकडची, एकावर रस्त्याकडची मुरमाड. साळू सगळ्यांत धाकटी, म्हणून पहिला हात तिचा. अंगणात अशी शांतता, की रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या त्यांच्या बैलांनीसुद्धा घुंगरं वाजू दिली नाहीत. तिनं विहिरीकडचं पान उचललं, कपाळाला लावलं, आणि त्या मूठभर मातीला तिथंच, सगळ्यांच्या देखत, हरभऱ्याचा कोंब फुटला.

साळूच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाली, दादा, मला माझा वाटा पोचला. माती तुमची तुम्ही घ्या, मला फक्त माहेर राहू द्या. आणि स्वतःच्या हातानं तिनं ती माती निम्मी माझ्या पानावर ओतली, निम्मी अमृतच्या. सर रडले. तेही इंग्रजीत रडले.

ओट्यावर अजिनाथनं उपरण्यानं डोळे टिपले. मी स्नेहलकडं वळलो.

“एकदा दिलेलं दान मानूस परत मागत न्हाई, बाय. तुजी आई मागतच न्हाई. मागतीस ती तू.”

तिनं कप खाली ठेवला. आवाजही चढवला नाही.

“मामा, मातीची पानं दोनच हुती. पळसाची पानं आनायला तुमी मलाच धाडलं हुतं. मी ल्हान हुते, पर आई बी हाय म्हनून मी तीन आनली. दोनांवर तुमी माती ठिवली. तिसऱ्यावर आईला भात वाढला, अन् म्हनलात, जेव आन् लाग वाटंला.”