अलामोची कपची

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. चुनखडीचा, फिकट पिवळा, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा. दगड म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडाल, ते मला ठाऊक आहे. पण मी अलामोच्या चर्चच्या दाराशी बसलेला दगड आहे आणि त्याचा मला गर्व आहे, हे आधीच सांगून टाकतो.

अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी स्पॅनिश धर्मगुरूंच्या सांगण्यावरून इथल्याच आदिवासींनी घाम गाळून मला घडवलं. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. मला मात्र त्यांचे हात आठवतात. पुढे धर्मगुरू गेले, शिपाई आले आणि चर्चचा किल्ला झाला.

मग १८३६ साली मेक्सिकोच्या फौजेने आम्हाला वेढा घातला. आत मेक्सिकोपासून वेगळं व्हायला निघालेली टेक्सासची जेमतेम दोनशे माणसं, बाहेर हजारांवर. तेरा दिवस तोफा धडधडल्या. शेवटच्या पहाटे आतले लढवय्ये बहुतेक सगळे पडले. बाहेरून भिंतींवर चढणारे शिपाईही शेकड्यांनी पडले, आणि त्यांतली कितीतरी कोवळी पोरं होती. ती पहाट आठवली की आजही मी थरारतो.

पुढची वर्षं उपेक्षेची गेली. चर्चला छप्पर नव्हतं. नंतर लष्कराने ते घातलं आणि आमचं धान्याचं कोठार करून टाकलं. पण खरी झीज केली ती आमच्या चाहत्यांनी! आठवण म्हणून कुणी माझा शेजारी फोडून नेला, कुणी त्यातून शोभेच्या वस्तू कोरल्या. तोफांना मी पुरून उरलो, पण या प्रेमापुढे माझं काही चालेना. पुढे राखणदार आले तेव्हा कुठे जिवात जीव आला.

तरी १९८६ साली मी पुन्हा धास्तावलो. माझ्या उजव्या कोपऱ्याची एक कपची ओल लागून सुटत आली होती. एकदा का ती कुणाच्या खिशात गेली, की गेलीच.

त्या मार्चमध्ये नाशिकचे दिगंबरकाका आले. तिथल्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. सोबत त्यांची पुतणी लतिका. ती अमेरिकेतच, उत्तरेकडच्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकत होती आणि सुट्टीत काकांना इथवर घेऊन आली होती. काकांनी दाराशी बूट काढले आणि टोपी नीट डोक्यावर बसवली. दाराजवळ बसणाऱ्या स्वयंसेविका आजी लगबगीने उठल्या.

"काका, इथे उलटं आहे," लतिका कुजबुजली. "कॅप काढायची आणि शूज घालायचे. रिस्पेक्ट म्हणून."

"उघड्या डोक्याने कसला आलाय मान?" काका पुटपुटले, पण त्यांनी ऐकलं.

लतिका त्यांना वेढ्याची हकिकत सांगू लागली. "तेराच दिवस?" काका मिशीत हसले. "आमचा नाशिकजवळचा रामशेज गड औरंगजेबाच्या फौजेपुढे पाच-सहा वर्षं उभा होता." मला रागच आला.

"ऐका तरी. वेढा पडल्यावर आठव्या दिवशी शेजारच्या गावातून बत्तीस माणसं आली. मदतीला. शत्रूची लाइन क्रॉस करून आत शिरली."

"आत? बाहेर नव्हे?"

"आत. त्यातलं कोणीच वाचलं नाही, काका."

काकांचे डोळे भरून आले. मग ते वाकले आणि रायगडाच्या पायरीला करावा तसा त्यांनी मला हात लावून नमस्कार केला. एवढ्या मानाने मला कुणी शिवलं नव्हतं. आणि नेमकी तेव्हाच माझी कपची त्यांच्या हातात आली. त्यांनी ती कपाळाला लावली, रुमालात बांधली आणि खिशात ठेवली. मी मनातून ओरडलो, पण दगडाचं कोण ऐकणार?

"काका, हे अलाउड नाही!"

"अगं, चोरी का आहे ही? प्रत्येक गडाची आठवण आणतो मी. शाळेत कपाटभर आहेत. दर वर्षी सहावीची चाळीस पोरं रामशेजवर न्यायची आणि येताना प्रत्येकाने गडाचा एक दगड आणायचा. माझीच पद्धत. गड हातात घेतला की इतिहास कळतो."

"दर वर्षी चाळीस? तीस वर्षं?"

लतिकाने एवढंच विचारलं. काकांची बोटं मोजल्यासारखी हलली. मनात हिशोब झाला असावा. त्यांचा चेहरा उतरला.

"बाराशे," ते हळूच म्हणाले. "औरंगजेबाला जमलं नाही गं. मी मात्र एकेक दगड करून तो गड शाळेच्या कपाटात आणला."

त्यांनी रुमाल सोडला आणि दोन्ही हातांनी कपची आजींच्या हाती दिली. आजींना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी काकांचा हात बराच वेळ सोडला नाही.

"गेल्यावर पहिलं काम," काका लतिकाला म्हणाले, "कपाट उघडायचं. शाळेतली पोरं घ्यायची आणि सगळे दगड परत गडावर नेऊन ठेवायचे."

मित्रांनो, रामशेज मी पाहिलेला नाही, पण तो माझा भाऊच म्हणायचा. तुमच्या गावाजवळ गड असेल तर जरूर चढा. नमस्कार करा, बत्तीस जणांसारखे वेडे वीर तिथेही होऊन गेले असतील, त्यांच्या गोष्टी ऐका. आणि उतरताना फक्त एकदा खिसे तपासा. एखादा खडा सापडला तर तेवढ्यासाठी पुन्हा वर जा. दमाल, पण जा.